अप्पांच्या हार्टसाठी एक्झोसोमची इंजेक्शनं: चालू माग विकून घ्यावीत काय?

मागवाला_वडगाव | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागणार आहे. अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवट मिळतो, म्हणून सगळंच लिहितो.

आमचे अप्पा ६४ वर्षांचे. बेळगावच्या वडगावात आमचे सहा पावरलूम, त्यातले दोन बंद पडून आहेत. गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीदिवशी पहाटे अप्पांच्या छातीत भरून आलं. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन आडवे झाले. दुपारी दोनला घामानं बनियन पिळून काढायची वेळ आली तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. एक स्टेंट बसला. "उशीर केलासा, पुढच्या बाजूचा मसल बराच गेलाय," असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा पंपिंग, म्हणजे ईएफ, २८ होतं. मार्चमध्ये ३२. आता दोन गल्ल्या चालल्या की धाप लागते. रात्री दोन उशा लागतात. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि भरायला वेळ घेतो. मागाजवळ उभं राहवत नाही, म्हणून दाराशी स्टूल टाकून कांड्या भरत बसतात. आवाजावरून कुठल्या मागाचा धागा तुटला ते मात्र अजून माझ्या आधी त्यांनाच कळतं.

गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या ओळखीनं एक माणूस घरी आला. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा. नाव लिहीत नाही. मोबाईलवर त्यानं कन्नड व्हिडिओ दाखवला, एक आजोबा जिना चढून वर येतात आणि हात जोडतात. म्हणाला, स्टेम सेल, म्हणजे ज्यातून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, आता मागं पडलं, आता एक्झोसोम. पेशी घालायच्याच नाहीत, पेशीतून सुटलेलं सार तेवढं घालायचं. नाळेच्या पेशींचं. सलाईनमधून तीन डोस, महिन्याला एक. "हार्टमधला मेलेला मसल परत उगवतो," हे त्याचं वाक्य. तीन डोसचे २ लाख ८५ हजार. बुकिंगचे १० हजार आईनं त्याच दिवशी दिले, पोस्टातून काढून ठेवलेले होते ते.

राहिलेले उभे करायचे तर माग विकायला पाहिजेत. बंद असलेल्या दोघांना लोखंडाचा भाव मिळतोय, म्हणजे चालू असलेल्यातलेच दोन गेले पाहिजेत. अप्पा स्वतः काहीच बोलत नाहीत. विचारलं की "घाला की, तुमच्या मनाला येतंय तर," एवढंच.

शुक्रवारपर्यंत कळवायचंय. हे नक्की काय असतं? कुणी घेतलंय काय? फसवणूक आहे काय, की मीच कद्रूपणा करूलालोय?

निपाणीकर_७१ | सोमवार, रात्री ११:२०

आमच्या साडूनं गुडघ्यात असलंच काहीतरी मारून घेतलं होतं. चार महिने पळत होता, पाचव्या महिन्यात परत काठी. हार्टचं मला माहीत नाही.

पैशाचं बोलतो. कार्ड आहे काय तुमच्याकडे? आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं? २०२३ साली महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनापण लागू केली, तुमचा भाग त्यात येतो काय बघा. दोन सरकारं आमच्यासाठी भांडतात, कधीतरी त्याचा उपयोग व्हावा. असली इंजेक्शनं मात्र दोन्हीकडच्या यादीत बसायची नाहीत. त्याच्यावरूनच काय ते समजा.

सत्य_कटू | मंगळवार, सकाळी ७:०५

लगेच नकारघंटा सुरू. औषध कंपन्यांना आयुष्यभर गोळ्या विकायच्या असतात, मुळापासून बरं करणारं काही आलं की ते दाबतात. परदेशात श्रीमंत लोक सर्रास घेतात हे. दादा, माग परत घेता येतील, बाप परत घेता येत नाही.

एकोवाली_अक्का | मंगळवार, दुपारी १:४०

मागवाल्या, तुला तू म्हणते, वयानं लहान दिसतोस.

मी २७ वर्षं एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढले, बेळगावातच, दोन दवाखान्यांत मिळून. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन. म्हणून कुठली गोळी घ्यायची हे मी सांगायची नाही. पण हा २८, ३२ आकडा कुठून येतो ते सांगते, कारण तुझी सगळी विक्री त्या आकड्यावर चाललीय.

पेशंटला डाव्या कुशीवर घ्यायचं, डावा हात डोक्याखाली. जेली गार असते, म्हातारी माणसं दचकतात, म्हणून मी बाटली आधी मशीनच्या गरम पाठीवर ठेवायची. मग बरगड्यांच्या फटीतून प्रोब लावायचा. पडद्यावर हृदयाचा डावा कप्पा दिसतो. तो पुरता फुगलेला असताना चित्र थांबवायचं आणि त्याची आतली कड हातानं गिरवायची. मग पुरता आकसलेला असताना परत गिरवायची. मशीन दोन्हींची आकारमानं काढतं, पहिल्यातलं किती टक्के रक्त बाहेर गेलं ते सांगतं. ते तुझं ईएफ. निरोगी माणसाचंसुद्धा शंभर नसतं, ५५ ते ७० च्या घरात असतं. पुष्कळ लोक "अर्धंच चालतंय" म्हणून घाबरून यायचे.

आता ती कड. लठ्ठ माणसात, दम्याच्या माणसात, वर्षानुवर्षं विडी ओढलेल्यात ती धुक्यातल्या बांधासारखी दिसते. आहे हे माहीत असतं, नेमकी कुठं ते अंदाजानं धरायचं. मी सकाळी गिरवलेलं ३०, दुपारी दुसरीनं गिरवलेलं ३५, आणि दोघींचंही बरोबर. अप्पांचं २८ चं ३२ झालं हे खरंच सुधारलं की हात बदलला, हे मी तो एको न बघता सांगू शकत नाही. "आमच्या पेशंटचं ३० वरून ३६ झालं" असं कुणी कागदावर दाखवलं तर पहिला प्रश्न हा, की गिरवणाऱ्याला माहीत होतं काय, कुठला एको आधीचा आणि कुठला नंतरचा?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या थोरल्या भावाला २०१२ साली बोन मॅरोच्या पेशी घातल्या. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, पैसे भरून. नंदगडचं रान गहाण टाकलं. तीन महिन्यांनी तो माझ्याकडेच एकोला आला. मीच प्रोब लावला, मीच गिरवलं. ३६ आलं. आधी २९ होतं. मी त्याला तिथंच टेबलावर सांगितलं, तो रडला, मीपण. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी तीच चित्रं नाव झाकून परत मोजली. ३०. त्यांनी मला काही बोललं नाही, फक्त मशीनवर माझी ओळ आणि त्यांची ओळ एकावर एक ठेवून दाखवली. फुगलेल्या कप्प्याला माझी ओळ जरा बाहेरून गेली होती आणि आकसलेल्याला जरा आतून. दोन्हीकडे भावाच्या बाजूनं. मी खोटं केलं नव्हतं रे. मला ती तशीच दिसली होती.

भावाला मी ते ३० कधी सांगितलं नाही. तो त्यानंतर साडेचार वर्षं होता. रानाचं व्याज वहिनी अजून सांगते.

आणखी एक. अटॅकमध्ये सगळाच मसल मरत नाही. काही मरतो आणि काही नुसता सुन्न होतो, रक्त परत मिळालं की काही आठवड्यांनी आपोआप हलायला लागतो. म्हणून तर पहिल्या आठवड्यातल्या एकोवर कुणी मोठे निर्णय घेत नाही, चाळीस दिवसांनी, तीन महिन्यांनी परत बघतात. मधल्या काळात जे काही दिलं असेल, इंजेक्शन म्हणा, अंगारा म्हणा, श्रेय त्याला जातं. तुझ्या व्हिडिओतले आजोबा जिना चढतात ते खरंही असेल.

तुला एकच काम सांगते. अप्पांच्या सगळ्या गोळ्या, अगदी अर्ध्या कापलेल्यासुद्धा, टेबलावर मांड. नावं इथं लिही. आणि ते त्या रोज घेतात काय हे त्यांना नको विचारूस, आईला विचार.

खानापूरची_लॅबवाली | मंगळवार, रात्री ९:१५

अक्का, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

मी जांबोटीजवळची, सध्या बेंगळुरात पीएचडी करते. ह्याच कणांवर, फक्त हृदयाच्या नाही, कॅन्सरच्या पेशींच्या. तेव्हा एक्झोसोम म्हणजे काय ते सांगायचा थोडा हक्क आहे.

पेशी आपल्या आत बारीक पिशव्या तयार करतात आणि बाहेर सोडतात. साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत अशा पाचशेहून जास्त शेजारी शेजारी मावतील. १९८३ साली मेंढीच्या कच्च्या लाल पेशींत हे दिसलं. मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन यांचं काम. पेशी पिकताना नको झालेलं सामान बाहेर टाकते, असं तेव्हा वाटलं, आणि कित्येक वर्षं हा विषय केरकचऱ्याचाच राहिला. २००७ साली स्वीडनमधल्या गटानं दाखवलं की त्या पिशव्यांत आरएनए, म्हणजे पेशीचे निरोप नेणारे रेणू, असतं आणि दुसरी पेशी ते वापरते. म्हणजे कचरा नव्हे, चिठ्ठी. तिथून सगळे ह्याच्या मागं लागले.

हृदयाचं सांगायचं तर २०१० साली सिंगापूरच्या गटानं उंदरांवर दाखवलं की स्टेम सेलच्या एक्झोसोमनं अटॅकमधलं नुकसान कमी होतं. हे चांगलं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण वेळ बघा. बंद केलेली रक्तवाहिनी परत उघडायच्या पाच मिनिटं आधी त्यांनी ते दिलं. आग लागलेली असताना पाणी मारल्यासारखं. अप्पांची आग विझून नऊ महिने झालेत, तिथं आता व्रण आहे.

"मेलेला मसल उगवतो" हे तर ह्या विषयातले लोकसुद्धा म्हणत नाहीत. ते म्हणतात सूज कमी होईल, मरायला टेकलेल्या पेशी वाचतील, बारीक रक्तवाहिन्या वाढतील. मसल उगवण्याची गोष्ट स्टेम सेलच्या पहिल्या लाटेतली. त्या लाटेतलं सगळ्यात मोठं नाव पिएरो अन्व्हर्सा. २०१८ साली हार्वर्डनं आणि त्यांच्या तिथल्या हॉस्पिटलनं त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागं घ्यावेत असं कळवलं, आकडेवारीत खोटेपणा होता म्हणून. तोवर कितीतरी पेशंटांवर त्या आधारानं चाचण्या झाल्या होत्या. खरा हिशेब स्वीडनमध्येच २००९ साली लागला होता, आणि तोही गमतीदार रीतीनं: अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेत जो कार्बन १४ पसरला, त्यावरून त्यांनी हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्धा टक्काही नाही.

आता ती बाटली. आम्ही पेशी वाढवतो, त्यांच्या भोवतीचं पाणी गोळा करतो आणि गुरुत्वाच्या लाखपट जोरानं फिरवतो. तळाशी जे बसतं ते डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं. त्यात एक्झोसोम असतात, शिवाय प्रथिनांचे गोळे, चरबीचे कण, दुसऱ्या जातीच्या पिशव्या. मोजणारं मशीन भेद करत नाही, सगळ्यांनाच कण म्हणून मोजतं. म्हणून "एका डोसमध्ये अमुक अब्ज एक्झोसोम" असं छापलेलं दिसलं की मला हसू येतं. नमुने आम्ही उणे ८० अंशांवर ठेवतो. गेल्या पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर वेळेवर लागला नाही, तर माझी आठ महिन्यांची मेहनत गेली. तुमच्या माणसाला विचारा, बाटली क्लिनिकपर्यंत कशात येते.

आणि सलाईनमधून घातलं की त्यातलं बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळतात, थोडंफार फुप्फुसात अडकतं. हृदयाच्या वाट्याला फार थोडं.

सत्य_कटू, परदेशात सर्रास घेतात म्हणालात. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं एकाही एक्झोसोमला मंजुरी दिलेली नाही. उलट नेब्रास्का राज्यात असली उत्पादनं घेतलेल्या पेशंटांना गंभीर त्रास झाला, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा काढला. पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांचा गट हृदय कमजोर झालेल्यांना असे कण शिरेतून देऊन बघतोय, पण ती अगदी छोटी, पहिल्या पायरीची चाचणी, त्रास होतो की नाही एवढं बघायला. तिथं पेशंट माग विकून येत नाही.

एकोवाली_अक्का | मंगळवार, रात्री १०:०२

पोरी, शाबास. ते चाचणीचं आणि पैशाचं नीट फोड करून सांग बघू. मुद्दा तिथंच आहे.

खानापूरची_लॅबवाली | मंगळवार, रात्री १०:३०

सांगते.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर फक्त रक्ताच्या ठरावीक आजारांत, बोन मॅरो बदलतात त्याला. बाकी सगळं अजून प्रयोग. २०१९ च्या नव्या औषध नियमांत स्टेम सेलपासून काढलेलं उत्पादन हे कायम "नवं औषध" धरलंय, म्हणजे आधी केंद्राची परवानगी, मग चाचणी. आणि चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत. उलट चाचणीमुळं काही बिघडलं तर उपचार फुकट आणि भरपाई त्यांनी द्यायची. प्रत्येक चाचणीची सीटीआरआयवर नोंद असते, ती आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, उघडी यादी आहे, कुणीही नंबर टाकून बघू शकतं.

म्हणून विचारायचं एवढंच: मंजूर औषध असेल तर मंजुरी दाखवा, प्रयोग असेल तर नंबर द्या आणि पैसे मागू नका.

प्रयोग मोठा झाला की काय होतं त्याचं उदाहरण देते. ५३७ पेशंटांवरची एक चाचणी २०२३ मध्ये छापून आली. दात्याच्या स्टेम सेल थेट हृदयाच्या मसलमध्ये टोचल्या. दुसऱ्या गटाला नुसतं सोंग, कुणाला काय मिळालं ते पेशंटला माहीत नाही. हार्ट फेल्युअरनं, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडल्यानं, परत परत दवाखान्यात यायचं प्रमाण कमी होईल, ही मुख्य अपेक्षा. दोन्ही गटांत फरक पडला नाही. पेशीच थेट टोचून ही गत, तर हे त्या पेशींचं पाणी, तेही हाताच्या शिरेतून.

सत्य_कटू | बुधवार, सकाळी ६:५०

दोघी शिकलेल्या आहात, मान्य. पण माणूस धापा टाकतोय आणि तुम्ही नियम सांगताय. त्यानं काय वाट बघत बसायचं?

एकोवाली_अक्का | बुधवार, सकाळी ८:१५

नाही हो. म्हणूनच गोळ्या मांडायला सांगितल्या. तुमची तळमळ कळते, भावाच्या वेळी मीच तुमच्यासारखं बोलत होते.

औषधवाला_टिळकवाडी | बुधवार, दुपारी ३:३०

काउंटरवरून एक भर. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन नावाची हार्ट फेल्युअरची गोळी पूर्वी एकाच कंपनीची होती, महाग. जानेवारी २०२३ मध्ये पेटंट संपलं आणि आता ढिगानं कंपन्या काढतात, दर चांगलेच उतरलेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट तर २०२० मध्येच गेलं. ती मुळात मधुमेहाची गोळी, पण २०१९ साली ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या पेशंटांवर बघितली, मधुमेह नसलेलेही त्यात होते. बिघाड वाढणं किंवा हृदयविकारानं मरण, हे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवाल्यांत २१.२ टक्के, हिच्यावाल्यांत १६.३. आधी भाव ऐकून परत गेलेले लोक अजून जुन्या भावालाच घाबरून आहेत. परत विचारायलाच येत नाहीत. जनऔषधीतपण चौकशी करा.

मागवाला_वडगाव | बुधवार, रात्री ११:३८

अक्का, मांडल्या गोळ्या. आईलाच विचारलं. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

रक्त पातळ करायच्या दोन आणि कोलेस्टेरॉलची, ह्या रोज चालू आहेत. मेटोप्रोलॉल २५ ची अर्धी, डिसेंबरपासून अर्धीच. "दोन आठवड्यांनी दाखवा, वाढवू" असं चिठ्ठीवर लिहिलंय. आम्ही गेलो ते थेट मार्चमध्ये एकोला, आणि एकोच करून परत आलो. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. औषधवाले म्हणतात ती सॅक्युबिट्रिलची गोळी चिठ्ठीत आहे. दोन महिने घेतली आणि संपल्यावर आणलीच नाही. कुणी बंद केली? अप्पांनीच. दुकानात भाव ऐकला आणि मला सांगितलं, "डॉक्टरांनी कमी केली." मी विश्वास ठेवला. डापाग्लिफ्लोझिन कधी चिठ्ठीत नव्हतीच.

आणि पाण्याची गोळी. रोज सकाळी एक. आठवड्यातून तीन दिवस अप्पा ती घेतच नव्हते. खडेबाजारात सुताच्या दुकानी जायचं असतं ते तीन दिवस. गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं आणि तिथं जायची सोय नाही. कुणाला सांगायचं, म्हणून गोळी शर्टाच्या खिशात. आईला कपडे धुताना सापडायच्या. ती वाळवून डब्यात ठेवायची, वाया जायला नको म्हणून. डबा आणून दाखवला. एकवीस गोळ्या मोजल्या.

आम्ही २ लाख ८५ हजारांची जुळणी करूलालोय, आणि हा डबा फडताळात.

त्या माणसाला फोन केला. सीटीआरआयचा नंबर मागितला. पहिल्यांदा म्हणाला, नोंदणी चालू आहे. मग म्हणाला, नंबर पेशंटला द्यायचा नसतो. मी म्हटलं, उघडी यादी आहे म्हणे. तर म्हणाला, "हे औषधच नाही सर, वेलनेस आहे." परवा घरात बसून मेलेला मसल उगवत होता, आज वेलनेस. बुकिंगचे १० हजार परत मागितले तर म्हणे पावतीवर बारीक अक्षरात लिहिलंय, परत मिळत नाहीत. लिहिलंय खरं. इंग्रजीत.

एकोवाली_अक्का | गुरुवार, सकाळी ७:२०

लाज कसली त्यात. माझ्या खोलीत रोज दोन तरी असे यायचे, लघवीच्या पायी गोळी चुकवणारे. बायका तर जास्तच, एसटीतनं यायच्या ना.

डॉक्टरांकडे डबा घेऊन जा. नुसतं सांगू नकोस, डबाच टेबलावर ठेव. कुठली गोळी परत सुरू करायची, कुठली वाढवायची, ते रक्त तपासून, पोटॅशियम, क्रिएटिनीन, बीपी बघून ते ठरवतील. तू स्वतःहून जुनी पाकिटं फोडू नकोस, ह्या गोळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. बाजाराच्या दिवशी पाण्याची गोळी दुपारी घरी आल्यावर घेतली तर चालेल काय, हे नक्की विचार. बहुतेक डॉक्टर चालवून घेतात, कुणी विचारतच नाही. आणि रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी, लगेच फोन करायचा. मीठ कमी. लोणच्याचं आणि पापडाचंही मीठच असतं.

तीन-चार महिने डॉक्टरांनी ठरवलेल्या सगळ्या गोळ्या पूर्ण डोसला चालल्या की मग परत एको. त्या वेळी ३५ च्या वर गेलं तर ठीक, नाही तर डॉक्टर छातीत बसवायच्या, ठोके बिघडले तर शॉक देणाऱ्या मशीनचं बोलतील. ती खरी मंजूर मशीन असते, तिला भिऊ नका. आणि एको काढणारीला आधीचा आकडा सांगू नकोस.

निपाणीकर_७१ | गुरुवार, सकाळी ९:००

१० हजारांसाठी ग्राहक आयोगात जा. पावती, फोनमधले मेसेज जपून ठेवा. "मसल उगवतो" असं लिहून पाठवलेलं काही आहे काय? असलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, ते लोक मेसेज पुसतात.

मागवाला_वडगाव | पुढच्या सोमवारी, रात्री १०:१०

मंडळी, शुक्रवार येऊन गेला. माग सहाच्या सहा जागेवर आहेत.

शनिवारी डॉक्टरांना डबा दाखवला. ते आधी रागावले, मग स्वतःच हसले. रक्त तपासलं. मेटोप्रोलॉल पूर्ण केली, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय आणि ह्या वेळी तारीख मोबाईलमध्ये घातलीय. सॅक्युबिट्रिलची गोळी कमी डोसनं परत सुरू. डापाग्लिफ्लोझिन नव्यानं. बाजाराच्या दिवशी पाण्याची गोळी दुपारी घेतली तरी चालते. एक प्रश्न विचारायला नऊ महिने लागले.

एक्झोसोमचं विचारलं. ते म्हणाले, दहा वर्षांनी कदाचित मीच लिहून देईन, आज नाही.

वजनकाटा घरात होताच की, सूत तोलायचा. अप्पा पहिल्या दिवशी त्याच्यावर उभं राहायला तयार नव्हते, "मी काय सुताचा कोन आहे काय," म्हणून. शनिवारी ६३ किलो २००. आज सकाळी ६१ किलो ४००. सुताच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहून ठेवतो. काल रात्री एकच उशी घेतली. पण अक्का, तुमचं ऐकून सांगतो, मी मुद्दाम मोजत नव्हतो, आईनं सांगितली.

मेसेजमध्ये मसलचं काही सापडलं नाही, तो सगळं तोंडीच बोलला होता. पावती आहे, ती घेऊन वकिलांना भेटतो.

त्या माणसाचे अजून दोन फोन येऊन गेले. ३० हजार कमी करतो म्हणाला. नंबर ब्लॉक करतो म्हटलं तर आई नको म्हणते. "राहू दे की, असूदे एक नंबर," म्हणते.